पावसाळ्यात घरातल्या फॅलेनॉप्सिसचा कोंब दरवर्षी का कुजतो?

रत्नागिरीतल्या आमच्या घरात सलग तीन वर्षे ऑगस्ट महिन्यात एकच प्रकार घडला. उन्हाळ्यात ज्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडने दोन-दोन महिने फुले दिली होती, त्याचे मधले कोवळे पान जुलैअखेरीस फिकट पडे, चार-पाच दिवसांत त्याचा तळ काळपट होई आणि पुसण्यासाठी हात लावला की ते पान अलगद निसटून हातात येई. बाकीची पाने तोवर हिरवीगार असत, त्यामुळे झाड आतून गेले आहे हे लक्षात येईपर्यंत उपायाची वेळ निघून गेलेली असे. पहिल्या वर्षी पाणी कमी केले, दुसऱ्या वर्षी बुरशीनाशक बदलले, तिसऱ्या वर्षी कुंड्या खिडकीपासून दूर नेल्या, आणि तिन्ही उपाय फसले. चौथ्या वर्षी मी अंदाज बांधणे सोडून एकेक कारण मोजून, तपासून पाहिले. त्यानंतरच्या पावसाळ्यांत कोंब कुजून एकही झाड गेलेले नाही. किनारपट्टीच्या दमट हवेत, घराच्या आत, हायब्रिड ऑर्किड जपणाऱ्यांना ही अडचण केव्हा ना केव्हा येतेच, म्हणून ती तपासणी येथे सविस्तर मांडत आहे.

एका कोंबाचे एवढे महत्त्व का, हे आधी समजून घ्यावे लागते. डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडला एकाशेजारी एक अशा अनेक जाड काड्या फुटतात, त्यामुळे एखादी काडी सडली तरी झाड उरते. फॅलेनॉप्सिसला माडासारखा एकच कोंब असतो, आणि नवे पान फक्त तेथूनच येते. माडाचा कोंब कुजला की माड गेला, हे कोकणात कोणाला सांगावे लागत नाही. हे साम्य दिसण्यापुरतेही नाही, कारण माडाचा कोंब कुजवणारा फायटोफ्थोरा पाल्मिव्होरा हाच रोगकारक ऑर्किडचाही कोंब कुजवतो, आणि पोफळीवरच्या कोळेरोगामागेही फायटोफ्थोराच असतो. ज्यांच्या घरी पोफळीची बाग आहे त्यांना हा शत्रू पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तो दिवाणखान्यातल्या कुंडीतही येऊ शकतो, एवढेच आपल्या ध्यानात नसते.

आता लक्षणे. सर्वांत खालचे एखादे पान पिवळे पडून गळत असेल आणि वरची पाने घट्ट असतील, तर तो वाढीचा नेहमीचा क्रम आहे. त्याला हात लावू नये. सगळीच पाने सुरकुतून लोंबू लागली असतील आणि कुंडीतले माध्यम (मातीऐवजी भरलेले सालीचे, सोडणाचे तुकडे) मात्र ओले असेल, तर मुळे कुजलेली आहेत. येथे हमखास चूक होते: पाने तहानलेली दिसतात म्हणून माणूस आणखी पाणी घालतो, आणि पाणी ओढणारी मुळेच उरलेली नसल्यामुळे झाड ओल्या कुंडीत तहानेने मरते. पानावर मध्येच पाण्याने भिजल्यासारखा, अर्धपारदर्शक डाग दिसला, तो एका दिवसात दुप्पट झाला आणि त्याला कुजका वास आला, तर तो जिवाणूंमुळे होणारा मऊ कुजवा आहे आणि त्याच दिवशी पान कापावे लागते. फुलांच्या पाकळ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके आले, तर ती बोट्रायटिस नावाची करडी बुरशी असते. ती फुलांची शोभा घालवते, पण झाड घेऊन जात नाही. मधले पान तळाशी काळे पडून सहज उपटून येणे हे कोंब कुजण्याचे लक्षण आहे, आणि पुढचे विवेचन मुख्यतः त्याविषयी आहे.

माझी पहिली तीन वर्षे वाया गेली ती दमट हवेलाच दोष दिल्यामुळे. फॅलेनॉप्सिसच्या ज्या रानटी जातींपासून आजची हायब्रिड झाली, त्या फिलिपिन्स आणि इंडोनेशियासारख्या, भरपूर पाऊस पडणाऱ्या प्रदेशांतल्या जंगलांत झाडांच्या खोडांवर वाढतात. इंडोनेशियाने आपल्या राष्ट्रीय फुलांत ज्याला स्थान दिले आहे ते फॅलेनॉप्सिस अमाबिलिस त्यांपैकीच एक. एवढ्या पावसात ते तेथे कुजत नाही, मग कोंकणातल्या घरात, डोक्यावर छप्पर असताना, का कुजावे? उत्तर मला आंबोलीच्या वाटेवर मिळाले. जूनमध्ये तेथे झाडांच्या खोडांवर सीतेची वेणी (एक रानटी ऑर्किड) फुललेली असते, अंगावर पाऊस कोसळत असतो, आणि तिची मुळे खोडाला धरून उघड्या वाऱ्यात पसरलेली असतात. रानात फॅलेनॉप्सिसही असेच खोडाला तिरपे लटकते, पाने खाली झुकलेली असतात, त्यामुळे कोंबात पडलेले पाणी पानांवरून ओघळून जाते. आपण तेच झाड कुंडीत सरळ उभे लावतो. त्याचबरोबर पानांच्या बेचक्याची वाटी होते, तिच्यात पाणी साचते, आणि घरातल्या स्थिर हवेत ते रात्रभर तसेच राहते.

फायटोफ्थोराला एवढेच हवे असते. त्याचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरात पोहू शकतात. कोरड्या पानावर ते निरुपद्रवी ठरतात, पण ओल काही तास टिकली की कोवळ्या ऊतीत शिरतात. म्हणून आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा पानांचा गाभा किती तास ओला राहतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मी चौथ्या वर्षी दररोज सकाळी सात वाजता टिश्यू कागदाची सुरळी करून प्रत्येक कोंबात टेकवून पाहत असे, आणि ती ओली आली की नोंद करत असे. पहिल्याच आठवड्यात एक विचित्र गोष्ट निदर्शनास आली: ज्या झाडांना चार-चार दिवस पाण्याचा थेंबही दिला नव्हता, त्यांचे कोंबही काही दिवशी सकाळी ओले असत.

हे पाणी कोठून येत होते, ते कळायला मला पंधरा दिवस लागले. कुंड्या ज्या खोलीत होत्या तेथे रात्री वातानुकूलन यंत्र 24 अंशांवर चालत असे, आणि सकाळी ते बंद करून आम्ही खिडक्या उघडत असू. जुलैमधल्या सकाळी बाहेरची हवा साधारण 28 अंश तापमानाची आणि 90 टक्के आर्द्रतेची असते. अशा हवेचा दवबिंदू सुमारे 26 अंश असतो, म्हणजे त्याहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर तिच्यातली वाफ थेंब होऊन बसते. फॅलेनॉप्सिसची पाने जाड आणि मांसल असल्यामुळे रात्रभरात 24 अंशांवर आलेली असतात, आणि लवकर तापत नाहीत. फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर जसे पाणी सुटते, तसे खिडकी उघडताच पानांवर दव धरत होते आणि ओघळून कोंबात उतरत होते. आम्ही मात्र खेळती हवा मिळावी म्हणून हौसेने खिडक्या उघडत होतो. यंत्र बंद केल्यावर खिडक्या तासभर मिटलेल्या ठेवून पंखा चालू ठेवला, पाने खोलीच्या तापमानाला येऊ दिली आणि मगच खिडक्या उघडल्या, तेव्हा सकाळची ओल जवळजवळ थांबली. ज्यांच्या घरी यंत्र नाही त्यांनाही हे लागू पडते, कारण रात्रभर थंड फरशीवर ठेवलेल्या कुंडीवरही सकाळी दव धरू शकते. कुंड्या फरशीवरून उचलून टेबलावर किंवा टांगणीवर घ्याव्यात.

दुसरे कारण कुंडीच्या पोटात लपलेले असते. रोपवाटिकेतून आलेल्या झाडाला वरून नारळाच्या सोडणाचे किंवा सालीचे मोठे तुकडे दिसतात, त्यामुळे माध्यम मोकळे आहे असे वाटते. पण झाड उपसून पाहिले तर मुळांच्या मधोमध, लहानपणी ज्या कपात रोप वाढवले होते त्या कपाच्या आकाराचा, मॉसचा किंवा कोकोपीटचा घट्ट गोळा सापडतो. बाहेरचे तुकडे दोन दिवसांत सुकतात, हा गोळा मात्र दमट हवेत दहा-बारा दिवस ओला राहतो आणि तो नेमका कोंबाच्या खाली असतो. माझ्याकडे त्या वर्षी आलेल्या पाच झाडांपैकी चारांत तो निघाला. झाड घरी आणल्यावर फुले संपली की हा गोळा काढायचाच, मग झाड कितीही निरोगी दिसो. कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवला तर तो बोटांनी सुटतो, आणि मुळे फारशी तुटत नाहीत.

कुंडी बदलण्याची योग्य वेळ कोकणात एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंतची आहे, असे माझे मत झाले आहे. तेव्हा नव्या मुळांची टोके हिरवी दिसू लागतात, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी जखमा भरून येतात. भर पावसात कुंडी बदलणे म्हणजे ताज्या जखमा ओल्या हवेच्या स्वाधीन करणे होय. केवळ जीव वाचवण्यासाठीच तेव्हा झाडाला हात लावावा. माध्यम म्हणून मी सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आणि लाकडी कोळसा निम्मे निम्मे घेतो. सोडण आधी पूर्ण दिवस भिजवून, दोन-तीनदा पाणी बदलून घ्यावे लागते, कारण त्यात क्षार असतात. कोळसा न कुजणारा असल्यामुळे तुकड्यांमध्ये पोकळी टिकवून ठेवतो. सोडण साधारण दोन वर्षांत पिठूळ होते. माध्यमातून बारीक काळ्या माश्या उडू लागल्या तर ते कुजायला लागले आहे असे समजावे. पारदर्शक प्लॅस्टिकच्या कुंडीत मुळे दिसतात हा मोठा फायदा आहे, तरीही जून ते सप्टेंबर या काळात मला चहूबाजूंनी भोके असलेली मातीची कुंडी अधिक भरवशाची वाटते, कारण ती अंगातूनही पाणी सोडते. झाड बसवताना ते 30 ते 45 अंश तिरपे बसवावे. ते दिसायला प्रथम विचित्र वाटते, घरातल्यांनी मला दोन-तीनदा सरळ करायला सांगितलेही. पण या एका बदलाने कोंबात पाणी साचणेच बंद होते.

पाणी किती दिवसांनी द्यावे, या प्रश्नाला दिवसांत उत्तर देता येत नाही. 90 टक्के आर्द्रतेच्या हवेत आणखी बाष्प घेण्याची जागा दहा टक्केच उरलेली असते, 70 टक्क्यांच्या हवेत ती तीस टक्के असते. म्हणजे त्याच तापमानाला पावसाळ्यातली कुंडी सुकायला ढोबळमानाने तिप्पट वेळ घेईल. उन्हाळ्यातला ‘दर चार दिवसांनी’ हा नियम जुलैत चालू ठेवला तर मुळे गुदमरणारच. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरतो. पाणी दिल्यावर निथळलेली कुंडी समजा 780 ग्रॅम भरली आणि पूर्ण सुकल्यावर 560 ग्रॅम, तर ती 600 ग्रॅमच्या आसपास आल्याशिवाय पुन्हा पाणी द्यायचे नाही. हे दोन आकडे प्रत्येक कुंडीवर लिहून ठेवले की वाद राहत नाही. मुळांवरचे स्पंजासारखे आवरण सुकल्यावर रुपेरी-पांढरे आणि ओले असताना हिरवे दिसते, ही दुसरी खूण. पाणी सकाळीच, माध्यमावर, पानांना न लागू देता द्यावे, आणि चुकून कोंबात गेलेच तर टिश्यूने लगेच टिपून घ्यावे.

ऑर्किडवर दररोज तुषार मारावेत, कुंडीखाली पाणी आणि गारगोट्या भरलेले ताट ठेवावे, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. हिवाळ्यात घरे तापवणाऱ्या थंड देशांत आतली हवा फार कोरडी पडते, तेथे तो योग्य आहे. मालवणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तो पाळणे घातक आहे. त्यातही एकाच ताटात चार कुंड्या ठेवल्या तर एका झाडाचे निथळलेले पाणी बाकीच्या तिघांना रोग पोहोचवते, कारण बीजाणू त्या पाण्यातूनच प्रवास करतात. माझी दुसऱ्या वर्षीची तीन झाडे एका पाठोपाठ एक गेली, ती एकाच ताटात होती.

हवेबद्दल थोडे. खोलीत लहान टेबलपंखा भिंतीकडे तोंड करून सतत चालू ठेवावा, म्हणजे वारा भिंतीवर आपटून पसरतो आणि पाने अगदी हलकी डुलतात. थेट झोतात ठेवलेल्या कळ्या मात्र सुकून गळतात. वीज गेली की पंखा थांबतो, आणि कोकणात पावसात वीज जातेच, म्हणून मी त्या काळात कुंड्या आधीच थोड्या कोरड्या राखतो. आर्द्रता कमी करणारे यंत्र घेणे परवडत असेल तर उत्तम, परंतु पंखा आणि तिरपी कुंडी यांनी माझे काम भागले आहे.

उजेडाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. फॅलेनॉप्सिसला साधारण दहा ते पंधरा हजार लक्स उजेड मानवतो, आणि ढगाळ दिवशी खिडकीपासून चार फूट आत त्याचा लहानसा अंशच पोहोचतो. उजेड कमी म्हणजे अन्न कमी, वाढ मंद, पाण्याचा उपसा कमी, आणि तयार होणारे पान लांब, पातळ, मऊ. अशा पानात रोग सहज शिरतो. तिसऱ्या वर्षी कुंड्या खिडकीपासून दूर नेऊन मी नेमके हेच केले होते. आता जूनपासून एक फुटावर 20 वॉटची पांढरी एलईडी नळी सकाळी सात ते संध्याकाळी सात लावतो. याच कारणास्तव पावसाळ्यात खतही कमी करावे. 19:19:19 हे नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, यापेक्षा अधिक देऊ नये, कारण जादा नत्राने पाने भुसभुशीत होतात.

इतके करूनही कोंब काळा पडलेला दिसला, तर त्याच तासाला पुढचे करावे. झाड बाकीच्यांपासून वेगळे काढावे. धारदार पाते गॅसच्या ज्योतीवर लाल करून थंड करावे आणि प्रत्येक कापणीनंतर पुन्हा तापवावे, कारण पात्यावरून रोगाबरोबर ऑर्किडचे विषाणूही पसरतात आणि विषाणूंवर औषध नाही. सैल झालेले पान ओढून काढावे, काळा भाग जेथे संपतो त्याच्याही थोडे पुढे, स्वच्छ हिरवट-पांढरी ऊती दिसेपर्यंत कापावे. जखमेवर दालचिनीची बारीक पूड दाबावी. ती जखम कोरडी करते. मुळांवर ती पडू देऊ नये, कारण मुळेही तशीच सुकतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब पुनःपुन्हा कोंबात घालण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. मी तो एकदाच आणि तोही तीन टक्क्यांचा वापरतो, कारण त्याने निरोगी ऊतीही भाजते. मग दहा दिवस पाणी बंद, पंखा जवळ.

औषधांबाबत एक गोष्ट माहीत नसल्याने माझे दुसरे वर्ष गेले. फायटोफ्थोरा दिसायला बुरशीसारखा असला तरी खऱ्या बुरशींच्या गटातला नाही, त्यामुळे घरोघरी असलेले कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक त्याच्यावर काम करत नाही. मेटॅलॅक्सिल आणि मॅन्कोझेब यांचे मिश्रण, किंवा फोसेटिल ॲल्युमिनियम, ही त्याच्यावर चालणारी औषधे आहेत. मात्रा वेष्टनावर दिल्याप्रमाणेच घ्यावी आणि फवारणी हातमोजे व मास्क घालून गॅलरीत करावी, खोलीत कदापि नाही. पोफळीवर जे मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण शंभर वर्षांहून अधिक काळ उपयोगी पडले आहे ते घरात उरले आहे म्हणून ऑर्किडवर मारू नये, कारण तांब्याने कोवळी टोके व कळ्या जळू शकतात, आणि फोसेटिलच्या आगेमागे तर ताम्रयुक्त औषध मुळीच वापरू नये. जिवाणूंच्या मऊ कुजव्यावर यांपैकी कशाचाही भरवसा नाही; तेथे कापणे आणि कोरडे ठेवणे हाच उपाय.

कोंब गेलेले झाड लगेच टाकून देऊ नये. खालची तीन-चार पाने आणि मुळे शाबूत असतील, तर बुडाशी, पानाच्या बगलेतून, नवे पिल्लू फुटण्याची शक्यता असते. माझ्या एका झाडाला ते पाच महिन्यांनी, डिसेंबरच्या अखेरीस फुटले. तोवर त्याला पाणी निम्म्यावर आणि उजेड पुरेसा मिळावा. ज्या माध्यमात झाड कुजले ते मात्र पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावे, बागेत किंवा माडाच्या आळ्यात टाकू नये. मातीची कुंडी वापरायची असेल तर घासून, उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवून, कडक उन्हात वाळवून मगच वापरावी. हे ऊन ऑक्टोबरशिवाय मिळत नाही, म्हणून माझ्या रिकाम्या कुंड्या तोवर पालथ्या पडून असतात.